विषय क्रमांक एक: दार कोणी लावलं?

सेक्रेटरींनी आधी बायकोकडे पाहिलं, मग हॉटेलच्या खोलीच्या छताकडे पाहिलं आणि विचारलं, "गच्चीवर? कशाला?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडून सहज निघाला, कारण गेली कित्येक वर्षं ते तो कुणाला ना कुणाला विचारत आले होते. सोसायटीच्या गच्चीला कुलूप, कुलपाची किल्ली सेक्रेटरींच्या खिशात आणि गच्चीवर जायचं म्हणणाऱ्याने आधी कारण सांगायचं, असा साधा सरळ कारभार होता. कारण सांगितलं की ते पुरेसं नाही असं सेक्रेटरी सांगत. गाद्या उन्हात घालायच्या म्हणणाऱ्याला ते खिडकी दाखवत. अँटेना हलली असं म्हणणाऱ्याला रस्त्यावर नेऊन, खालून बघा, सरळ आहे, म्हणत. नुसती हवा खायची म्हणणाऱ्याशी ते पुढे आठवडाभर बोलतच नसत.

पण आज त्यांची जागा चुकली होती. गच्ची त्यांची नव्हती, शहर त्यांचं नव्हतं आणि समोर उभ्या होत्या वहिनी. वहिनी म्हणजे सेक्रेटरींची बायको. सगळी सोसायटी त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही म्हणू.

वहिनींनी सांगितलं की कारण असं काही नाही. शेजारच्या उंच इमारतीच्या माथ्यावर एक बार आहे, तिथून सगळं शहर दिसतं, सूर्य अगदी समोर मावळतो, आणि त्यांना तो यांच्या शेजारी बसून बघायचा आहे. एवढंच. या प्रवासात दुसरं काहीही नको, खरेदी नको, बागा नकोत, ही एक संध्याकाळ हवी.

इथे वहिनींची बाजू सांगणं भाग आहे, कारण त्या स्वतः सांगणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांचं घर तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पंपघर दिसतं आणि बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून डॉक्टरीणबाईंच्या स्कूटरची सीट. दिवस कलला हे त्यांना त्या सीटवरचं ऊन गेलं की कळतं. डोक्यावर चार मजले आणि त्यावर लांबरुंद गच्ची. पण सेक्रेटरींच्याच घरचं माणूस वर दिसलं तर उद्या सगळेच मागतील, म्हणून लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या एकदाही वर गेल्या नव्हत्या. बाकीच्यांना निदान नकार तरी मिळायचा. वहिनींना मागायचीही सोय नव्हती.

आता हे सगळं सेक्रेटरींना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असणं आणि डोक्यात शिरणं यांत अंतर असतं, आणि सेक्रेटरींच्या डोक्यात त्या वेळी 'बार' हा एकच शब्द शिरला होता. वहिनी म्हणाल्या, सरबतही मिळतं. मग त्यांनी मान हलवली. पण सरळमार्गी माणूस असल्यामुळे त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लगेच कळवून टाकलं की आज संध्याकाळी सहकुटुंब एका उंच ठिकाणी बारमध्ये असल्याने फोन उचलायला उशीर होईल, पंप वेळेवर बंद करावा.

पुढचा तासभर फोन थांबला नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वेटर आणि कानात कापूस सुचवला. खजिनदारांनी कठड्याची उंची मोजून आणायला सांगितली. कुणीतरी 'वहिनी पण???' एवढंच लिहिलं. सगळ्यांत सविस्तर लिहिलं ते अनुभवींनी. हे दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ कंपनीच्या कामानिमित्त कधीतरी एका मोठ्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर जेवले होते, आणि तेव्हापासून प्रत्येक बाबतीत त्यांचा अनुभव विचारला जातो. नाही विचारला तरी मिळतो. त्यांनी कळवलं की अशा ठिकाणी चपला-सँडल चालत नाहीत, बंद बूट लागतात, दारातूनच परत पाठवतात आणि तेही सगळ्यांसमोर.

सेक्रेटरींकडे सँडल होत्या. वहिनी म्हणाल्या, कोण बघतंय पायाकडे. पण 'सगळ्यांसमोर' हा शब्द सेक्रेटरींच्या जिव्हारी लागला होता. त्यांनी खाली जाऊन हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला अडचण सांगितली. तो भला निघाला. त्याने आतून एक बुटांचा जोड आणून दिला, कुणीतरी पाहुणा खोलीत विसरून गेलेला. तो पाहुणा चांगलाच दांडगा असला पाहिजे. सेक्रेटरींनी दोन्ही बुटांच्या टोकांत हॉटेलचे हातरुमाल कोंबले, नाड्या आवळल्या आणि खोलीत दोन फेऱ्या मारून पाहिल्या. आधी पाय पुढे जाई, मग थोडा विचार करून बूट जाई. वहिनी दारात पर्स घेऊन उभ्या होत्या. मधे एकदा खिडकीपाशी जाऊन त्या ऊन किती उरलंय ते बघून आल्या.

शेजारच्या इमारतीत शिरल्यावर खाली एक मुलगी टेबलामागे बसली होती. तिने विचारलं, कुणाच्या नावाने जागा राखून ठेवली आहे? सेक्रेटरी म्हणाले, सेक्रेटरी. तिने विचारलं, कशाचे? तेव्हा त्यांनी सोसायटीचं पूर्ण नाव, घरांची संख्या आणि नोंदणीचं साल सांगितलं. मुलीने शोधल्यासारखं केलं आणि नाही म्हणाली. मग वहिनींनी पुढे होऊन आपलं नाव सांगितलं. ते लगेच सापडलं. त्यांच्या नावापुढे 'सोबत एक' असं होतं.

ते एक म्हणजे आपण, हे पचवायला सेक्रेटरींना लिफ्टचा सगळा प्रवास लागला. बुटांकडे, सांगायला हरकत नाही, त्या मुलीने पाहिलंसुद्धा नाही. वर येणाऱ्यांत तर एक जण चक्क रबरी सपाता घालून होता.

लिफ्ट एक मजला अलीकडेच थांबत होती. तिथून एक अरुंद जिना, जिन्याच्या टोकाला लोखंडी दार आणि दार मिटू नये म्हणून त्याला लावलेली एक मोठी कुंडी. गच्चीचं दार असं दिवसाढवळ्या सताड उघडं बघून सेक्रेटरींच्या छातीत कळ आली. पण ते पाहुणे होते, म्हणून गप्प बसले.

वर मात्र खरोखरच बघण्यासारखं होतं. चारी बाजूंना शहर पसरलेलं, दूरवर नदीचं एक वळण, कारखान्यांची धुराडी, इमारतींच्या काचांवर ऊन, आणि समोर खाली उतरत आलेला सूर्य. वहिनींना अगदी कडेचं टेबल मिळालं होतं, दोन खुर्च्या, दोन्ही पश्चिमेकडे तोंड करून. वहिनी बसल्या आणि त्यांनी पर्स मांडीवरून काढून खाली ठेवली. पर्स खाली ठेवलेल्या वहिनी सेक्रेटरींनी क्वचितच पाहिल्या असतील, पण त्या क्षणी ते कुंड्या बघत होते.

"एवढ्या कुंड्या स्लॅबवर," ते म्हणाले, "खालच्या माणसाच्या घरात नक्की पाणी गळत असणार."

वहिनी म्हणाल्या, "बसा."

ते बसले आणि लगेच उठले, कारण कठडा काचेचा होता आणि खजिनदारांनी उंची विचारली होती. वितीने मोजून ते परत आले, तर मिशीवाला वेटर उभा. वहिनींनी चित्रात बघून एक लालसर सरबत मागवलं होतं, वर फुलाची पाकळी असलेलं. सेक्रेटरींनी वेटरला आवाज खाली आणून विचारलं, यात ते असतं का? वेटर म्हणाला, थोडं असतं, नको असेल तर काढता येईल. वहिनी म्हणाल्या, असू दे. सेक्रेटरींनी बायकोकडे असं पाहिलं की जणू सभेत एखाद्या मूक सभासदाने हात वर केला आहे. एवढ्यात त्यांचा फोन वाजला.

खजिनदार होते. सोसायटीच्या टाकीचा बॉल अडकला होता, पंप चालू राहिला होता, आता पंप बंद केला तरी खालच्या मुख्य नळातून पाणी वर येतच होतं, टाकी भरून वाहत होती, आणि गच्चीला कुलूप होतं. किल्ली कुठे आहे? सेक्रेटरींनी खिसा चाचपला. किल्ली त्यांच्या खिशात होती. ती नेहमीच त्यांच्या खिशात असते. आंघोळीच्या वेळी ती खुंटीवर टांगलेली असते, पण नजरेसमोर.

गाण्यांच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून सेक्रेटरी फोन कानाला लावून दाराच्या बाजूला गेले. खजिनदार म्हणत होते, कुलूप तोडतो. सेक्रेटरी म्हणत होते, अजिबात नाही, त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. खजिनदार म्हणाले, पाणी ठरावाची वाट बघत नाही. सेक्रेटरींनी त्यांना कुलपाचा इतिहास सांगितला, ते आणताना झालेला वाद सांगितला, एकदा तोडलं की लोक सोकावतात हे सांगितलं, आणि मी येईपर्यंत खालचा मुख्य नळ बंद करून ठेवा असं बजावून फोन ठेवला. मग टेबलाकडे परत आले.

वहिनी सूर्याकडे बघत नव्हत्या. त्या यांच्याकडेच बघत होत्या, जरा विचित्र नजरेने.

"काय झालं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या आणि शेजारची खुर्ची किंचित ओढून आणखी जवळ घेतली. "आता बसा."

सेक्रेटरी बसणार, तेवढ्यात मिशीवाला वेटर दाराशी ओरडला. दार लागलं होतं. लोखंडी दार, आपोआप लागणारं कुलूप, गच्चीच्या बाजूची मूठ बिघडून नुसतीच गरगर फिरणारी. म्हणून तर ती कुंडी होती. दारावर 'हे दार कधीही लावू नये' असा ठळक फलकही होता, पण दार उघडं असलं की तो भिंतीकडे जाई आणि कुणाला दिसत नसे. आता दार लागल्यावर सगळ्यांना स्वच्छ वाचता येत होता. जिन्याच्या बाजूने उघडायला किल्ली लागते, ती मॅनेजरच्या जुडग्यात, आणि मॅनेजर काही कामासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला. वेटरने फोन लावला. मॅनेजर म्हणाला, निघतो, पण ही वेळ गर्दीची. आणि वेटरला म्हणाला, तुझ्याकडे आल्यावर बघतो. मागे दुसरा जिना होता, पण त्याच्या खालच्या टोकालाही कुलूप होतं. ते तिथे का असावं, हे सेक्रेटरींना कुणी सांगावं लागलं नाही.

पाच-सात मिनिटं लोकांनी हसण्यावारी नेलं. मग एका जाड्या गृहस्थांना आपली गाडी चुकणार हे आठवलं. एका कचेरीतली मंडळी कुणाच्या तरी बढतीसाठी आली होती, त्यांतल्या एकीला एकदम गुदमरायला लागलं, तेही उघड्या आभाळाखाली. आवाज चढले. कुणी बारवाल्यावर, कुणी वेटरवर, कुणी एकूण देशावर. गोंधळ झाला की काही माणसांना घाम फुटतो. सेक्रेटरींना अशा वेळी तरतरी येते. त्यांनी वहिनींच्या पेल्यातला चमचा उचलला आणि काचेच्या बाटलीवर वाजवला.

सगळे गप्प झाले. कशासाठी गप्प झालो हे त्यांनाही कळलं नसावं, पण त्या चमच्याच्या आवाजात वर्षानुवर्षांची सवय होती. सेक्रेटरी म्हणाले की असं सगळ्यांनी एकदम बोलून उपयोग नाही, आपण रीतसर घेऊ. विषय क्रमांक एक, दार कोणी लावलं. विषय क्रमांक दोन, जबाबदारी निश्चित करणे. विषय क्रमांक तीन, ऐनवेळचे विषय. रबरी सपातावाल्याने विचारलं, तुम्हाला कोणी नेमलं? सेक्रेटरी म्हणाले, हरकत नोंदवून घेतली आहे. आणि पुढे गेले.

त्यांचा आवाज खणखणीत लागला. याचं कारण उघड आहे. सोसायटीच्या सभेत नेहमी अर्धे लोक चहा झाला की निघून जातात आणि ऐन ठरावाच्या वेळी गणसंख्या कमी पडते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना अशी सभा मिळाली होती की जिच्यातून कुणाला उठून जाता येत नव्हतं.

लोकांनी खुर्च्या त्यांच्याकडे वळवल्या. एकच खुर्ची वळली नाही.

विषय क्रमांक एकवर भरपूर चर्चा झाली. वाऱ्याने लागलं असेल, असं एकाने मांडलं. सेक्रेटरींनी ते खोडून काढलं. वारा दार लावेल, पण वारा कुंडी उचलून बाजूला ठेवत नाही. हे काम माणसाचं आहे, ते म्हणाले. आणि अशा माणसाचं आहे, ज्याला आपल्या कृत्याचा परिणाम काय होईल याची पर्वा नाही. बढतीवाल्या मंडळींनी माना डोलावल्या. सेक्रेटरींना बोलता बोलता स्फुरण चढत गेलं. सामायिक जागेत कसं वागावं याची ज्यांना जाणीव नाही, ते म्हणाले, अशा बेजबाबदार वृत्तीमुळेच आज आपण सगळे इथे अडकलो आहोत. टाळ्या पडल्या. हे सगळं ते मनापासून बोलत होते, ही यातली वाईट गोष्ट.

विषय क्रमांक दोन चालू असताना सूर्य मावळला. धुराड्यांच्या मागे आधी अर्धा गेला, मग नखाएवढा उरला, आणि गेला. नदीचं वळण लाल होऊन राखाडी झालं. सगळ्यांची पाठ तिकडे होती. वहिनी एकट्याच बघत होत्या, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून आणलेला स्वेटर ठेवला होता.

इकडे दाराची देखरेख कोणाकडे, असं सेक्रेटरींनी विचारलं होतं, आणि मिशीवाल्या वेटरने मान खाली घालून माझ्याकडे असं सांगितलं होतं. आपण लावलं नाही असं तो म्हणत होता, पण लक्ष नव्हतं हे त्याला कबूल होतं. सेक्रेटरींनी हात मागे बांधले. म्हणाले की व्यक्तिशः तुमच्याबद्दल काही नाही, पण सभेची भावना लक्षात घेता मॅनेजर आल्यावर निष्काळजीपणाबद्दल कडक कारवाईची शिफारस करणं क्रमप्राप्त आहे. अनुमोदन कोण देतं?

जाड्या गृहस्थांनी हात वर केला. वेटरने खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"दार यांनी लावलं," मागून आवाज आला.

सगळी सभा मागे वळली. वहिनी उभ्या होत्या. सेक्रेटरींना वाटलं, त्या वेटरकडे बोट दाखवताहेत. मग त्यांनी आपल्या मागे कुणी आहे का ते पाहिलं.

"तुम्ही लावलंत," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "फोनवर बोलत होतात. पायाने कुंडी सरकवलीत, दार ओढलंत, आणि लागलं की नाही म्हणून दोनदा हलवून पाहिलंत. घरी पाहता तसं."

त्या 'दोनदा हलवून पाहिलंत' नंतर बचावाला काही उरलं नाही. सेक्रेटरींनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात त्यांचाच होता. लोक काय म्हणाले, कोण हसलं, कोणी काय टाकून बोललं, हे इथे सांगण्यात अर्थ नाही. सेक्रेटरींना ते ऐकूही आलं नाही. वेटरने एक लांब श्वास सोडला. जाड्या गृहस्थांनी हात हळूच खाली घेतला. सभा बरखास्त झाल्याचं कुणी जाहीर केलं नाही, पण खुर्च्या परत फिरल्या. सेक्रेटरी त्या दांडग्या बुटांतून खरडत खरडत टेबलापाशी आले, स्वेटर उचलून मांडीवर घेतला आणि बसले.

"मला खरंच कळलं नाही गं," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"तू पाहिलंस, तर तेव्हाच का नाही बोललीस?"

वहिनी म्हणाल्या, "म्हटलं, बरं झालं. आता हे कुठे जाऊ शकत नाहीत, येऊन बसतील माझ्याजवळ." त्यांनी पेला उचलला, त्यात काही नव्हतं, परत ठेवला. "तर तुम्ही सभा बोलावलीत."

सेक्रेटरींनी मांडीवरच्या स्वेटरची घडी केली. इतक्या वर्षांत त्यांच्या कारभारावर खूप लोक रागावले होते, लेखी तक्रारी झाल्या होत्या, एकाने तर त्यांच्या सायकलची हवा सोडली होती. पण कशाचंच एवढं वाईट वाटलं नव्हतं. सूर्य गेला का, असं त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, तुमच्या विषय क्रमांक दोनच्या वेळी.

फोन वाजला. खजिनदार म्हणाले, खालचा नळ गंजलेला आहे, फिरत नाही, पाणी जिन्यावरून उतरून आता तुमच्याच उंबऱ्याशी आलंय, बोला काय करू. सेक्रेटरींनी वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, "तोडा." पलीकडून, काय म्हणालात, असं पुन्हा एकदा विचारण्यात आलं. मग खजिनदारांनी हे ग्रुपवर लेखी देण्याची विनंती केली. सेक्रेटरींनी लिहिलं, 'कुलूप तोडावे.' आधी दोनदा खोडलं, पण लिहिलं.

थोड्या वेळाने ग्रुपवर फोटो आला. टाकीत येणारं पाणी बंद झालं होतं. पण वर गेलेलं कुणी खाली उतरलं नव्हतं. सगळी सोसायटी गच्चीवर होती. डॉक्टरीणबाई टाकीच्या कट्ट्यावर पाय सोडून बसल्या होत्या, खजिनदारांनी चटई अंथरली होती आणि अनुभवी हात लांब करून कुणाला तरी काहीतरी दाखवत होते. सेक्रेटरी फोटो मोठा करून वॉटरप्रूफिंगला भेगा पडल्यात का ते बघू लागले. वहिनींनी फोन हळूच त्यांच्या हातून घेतला, स्वतः एकदा नीट बघितला आणि टेबलावर पालथा ठेवला.

खाली शहरात एकेक दिवा लागत होता. रस्ते उजळले, मग खिडक्या. वहिनींनी बोट करून दाखवलं, ते आपलं हॉटेल, ती आपली खोली, खिडकीत तुमचा टॉवेल वाळतोय. सेक्रेटरींनी टॉवेल पाहिला. मग त्यांची नजर हॉटेलच्या गच्चीवर गेली, काही बोलायला तोंड उघडलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"बोला," वहिनी म्हणाल्या. "टाकीला झाकण नाही, हेच ना? मीही पाहिलं."

सेक्रेटरी हसले. वहिनीही हसल्या. मग वहिनींनी नदी दाखवली, सूर्य नेमका कुठे गेला ती जागा दाखवली, आधी कुठलं धुराडं काळं पडलं ते सांगितलं. सेक्रेटरी ऐकत होते. मधे एकदाही मुद्द्यावर या म्हणाले नाहीत.

अखेर दार खडखडलं. मॅनेजर धापा टाकत वर आला आणि लोक जिन्याकडे धावले, जाडे गृहस्थ सगळ्यांत पुढे, बढतीवाली मंडळी त्यांच्यामागे. बघता बघता गच्ची रिकामी झाली. मिशीवाला वेटर पायाने दार अडवून उभा राहिला आणि त्याने इकडे बघून विचारलं, काकासाहेब, तुम्ही नाही का येत?

सेक्रेटरी सवयीने अर्धे उठले. वहिनींनी मान वळवली नाही, त्या दिव्यांकडे बघत होत्या. सेक्रेटरी परत बसले. त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, पाय मोकळे केले आणि वेटरला सांगितलं, "तुम्ही व्हा पुढे. आणि जाताना तेवढं दार ओढून घ्या."